भूसंपादन आपलं, एक्सप्रोप्रिएशन त्यांचं

एन्रॉन, म्हणजे गुहागरात दाभोळचा वीज प्रकल्प उभारणारी अमेरिकन कंपनी, म्हटलं की आमच्या वयाच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात, एक म्हणजे प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची भाषा आणि दुसरी म्हणजे बुडवलेला प्रकल्प परत वर कसा आला ती गंमत. १९९५ च्या निवडणुकीत सत्ता बदलली, ३ ऑगस्ट १९९५ ला मनोहर जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचं सांगितलं, कंपनी तडक लंडनच्या लवादात गेली, नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रेबेका मार्क बाळासाहेबांना भेटून गेल्या आणि पुढच्या वर्षी तोच प्रकल्प आणखी थोडा फुगून परत दारात. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, दोन्ही मिळून २१८४. मधल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारनेही जाता जाता त्याला केंद्राची हमी देऊन टाकली, हेही कुणीतरी दरवेळी आठवणीने सांगतंच.

यावर मराठीत भरपूर लिहून झालंय. विजेचा दर, नाफ्त्याचा खर्च, अंजनवेल-वेलदूरच्या लोकांवर चाललेल्या लाठ्या, मृणालताई गोरेंचं आंदोलन, सगळं. पुण्याच्या प्रयास गटाने तर वीज खरेदी कराराची गणितं बसून सोडवली होती आणि सरकारला अवघड जातील असे प्रश्न विचारले होते. म्हणजे करार वाचणारी माणसं आपल्याकडे होती. पण त्या कराराच्या वर आणखी एक करार होता, दोन देशांमधला, परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा, तो कुणीच वाचला नाही. निदान तेव्हा मुंबईत कुणी वाचला असावा असं एकंदर प्रकारावरून दिसत नाही.

काय झालं ते सांगतो. २००१ मध्ये वीज मंडळाने बिलं द्यायचं थांबवलं, कंपनीने आधी राज्याची आणि मग केंद्राची हमी वटवायला काढली, त्याच वर्षीच्या मध्यावर प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. आपल्याला वाटलं, चला, भांडणारा मेला, भांडण संपलं. पण दाभोळ कंपनीत जीई (जनरल इलेक्ट्रिक) आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्यांचेही शेअर होते. आता भारत आणि अमेरिकेत गुंतवणूक संरक्षणाचा करार तेव्हा नव्हता, आजही नाही. मग या दोघांनी दावा कशाच्या जोरावर केला? मॉरिशसच्या. त्यांचे शेअर मॉरिशसमध्ये काढलेल्या कंपन्यांच्या नावावर होते आणि भारताने मॉरिशसबरोबर १९९८ मध्ये असा करार करून ठेवला होता. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या युरोपियन बँकांनीही आपापल्या देशांच्या करारांवर बोट ठेवून दावे लावले. शेवटी २००५ मध्ये तडजोड झाली, बेक्टेलला सुमारे १६ कोटी डॉलर, जीईला सुमारे साडेचौदा कोटी डॉलर, आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या सरकारी कंपनीच्या गळ्यात.

आता तारखा परत बघा. वीज खरेदी करार १९९३ चा. पहिला राडा १९९५ चा. मॉरिशसचा करार १९९८ चा. म्हणजे देशातला त्या काळचा सगळ्यात मोठा परदेशी प्रकल्प, एकदा रद्द होऊन परत आलेला, मॉरिशसच्या कंपन्यांच्या नावावर उभा आहे हे सगळ्यांना माहीत असताना दिल्लीने मॉरिशसच्या गुंतवणूकदारांना ‘काही झालं तर थेट आंतरराष्ट्रीय लवादात या’ असं लिहून दिलं. त्या सहीच्या आधी मंत्रालयात एक तरी फोन आला असेल का, की बाबांनो तुमच्या गुहागरात काय चाललंय, याने तुमच्यावर काय येईल? मला शंका आहे. आणि फोन आला असता तरी इकडे तो कुणाकडे दिला असता हा पुढचा प्रश्न.

माझा सगळा मुद्दा या एका जागेवर आहे, की सही दिल्लीत होते आणि तिची परीक्षा तालुक्यात होते. मी कॉलेजात कायदा शिकवतो, कोर्टात उभा राहत नाही, त्यामुळे वकिली डावपेच मला विचारू नका, पण हे करार वाचण्यात माझी काही वर्षं गेलीत आणि दरवेळी हेच वाटतं की हा विषय आपण चार लॉ स्कूलच्या इंग्रजी सेमिनारमध्ये कोंडून ठेवलाय.

हे करार मुळात आहेत काय ते थोडक्यात. पहिला १९५९ चा, पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यातला. वसाहती सुटत होत्या, नवे देश खाणी आणि तेल ताब्यात घेत होते, तेव्हा युरोपच्या भांडवलाला भीती वाटली की आता आपलं गाऱ्हाणं ऐकणारं कोर्ट तिथलंच, जज तिथलाच. त्यावर उपाय म्हणून हा कागद. तू माझ्या माणसाच्या गुंतवणुकीला नीट वागव, हिरावून घेतलीस तर भरपाई दे, भेदभाव करू नकोस, आणि पुढे पुढे त्यात अशी भर पडली की भांडण झालं तर माझा गुंतवणूकदार तुझं कोर्ट ओलांडून थेट तुझ्या सरकारवर लवाद लावेल. याच्या नेमकं उलट म्हणणं अर्जेंटिनाच्या कार्लोस काल्व्होने एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं, की परक्याला आमच्या नागरिकापेक्षा जास्त हक्क का म्हणून? जे कोर्ट आमच्या शेतकऱ्याला तेच त्याला. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नव्या अर्थव्यवस्थेचे ठराव झाले तेव्हा भारत याच बाजूला उभा होता. आर. पी. आनंद, बी. एस. चिमणी यांच्यासारख्या आपल्या अभ्यासकांनी आंतरराष्ट्रीय कायदा कुणाच्या सोयीने लिहिला गेला हा प्रश्न जगाला विचारायला लावला. मग १९९१ आलं, डॉलर संपले, आणि १९९४ मध्ये आपण ब्रिटनबरोबर पहिली सही केली, मग सह्या करतच सुटलो, ऐंशीच्या वर करार झाले. त्यातला एकही संसदेत मंजुरीसाठी यावा लागत नाही, कारण आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार हा सरकारच्या अधिकारातला विषय आहे. राज्यांना विचारायचं तर नावच नको.

आणि जबाबदारी कुणाकुणाच्या वागण्याची येते? सगळ्यांच्या. आंतरराष्ट्रीय कायद्याला केंद्र-राज्य हा फरक कळत नाही, त्याच्या लेखी कलेक्टर, वीज मंडळ, विधानसभा, हायकोर्ट सगळे मिळून एकच ‘भारत’. दाभोळच्या वेळी अमेरिकन सरकारच्या विमा संस्थेकडे बेक्टेल वगैरेंनी राजकीय जोखमीचा क्लेम केला, त्या भांडणात २००३ मध्ये अमेरिकेतल्या लवादाने निकाल दिला की वीज मंडळ, महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग आणि इथली कोर्टं यांनी मिळून जे केलं, म्हणजे कंपनीला लंडनच्या लवादात जाण्यापासून अडवलं वगैरे, ते गुंतवणूक हिरावून घेण्यासारखंच होतं. आपल्याकडे कोर्टाची स्थगिती ही रोजची गोष्ट, वकील सकाळी घेऊन येतो. तिकडे तिला एक्सप्रोप्रिएशन म्हणाले.

हा शब्द मला वर्गात शिकवताना दरवर्षी अडकवतो. एक्सप्रोप्रिएशनला मराठीत काय म्हणायचं? कायद्याच्या मराठीत जवळचा शब्द म्हणजे संपादन. पण कोकणातल्या पोरांना संपादन म्हटलं की एकच चित्र दिसतं, नोटीस, मोजणी, पंचनामा, आणि मग आजोबांच्या वेळेपासून चालू असलेली वाढीव मोबदल्याची केस. एकदा एका मुलीने विचारलं, सर, म्हणजे आमची जमीन घेतली ते संपादन आणि त्यांचा फायदा गेला तेही संपादनच? मी हो म्हणालो. शब्द एकच आहे, फक्त त्याच्या पुढचा रस्ता वेगळा आहे. गुहागरच्या शेतकऱ्याची जमीन सरकारने घेतली तर त्याने कलेक्टरकडे जायचं, मग जिल्हा कोर्ट, मग हायकोर्ट, आणि तारखा. कंपनीच्या बाबतीत तर वस्तू हातातून जायचीही गरज नसते, कागदोपत्री मालकी तशीच ठेवून नियम असे बदलले की धंद्यात राम राहिला नाही, तर तेही ‘इनडायरेक्ट’ हिरावणं ठरू शकतं. तिने मान हलवली पण पटलेलं दिसलं नाही, आणि पटायला हवं असं मलाही वाटत नाही.

यापेक्षा बोचणारं उदाहरण व्हाइट इंडस्ट्रीजचं आहे. ऑस्ट्रेलियन कंपनी, १९८९ मध्ये कोल इंडियाबरोबर झारखंडमधल्या पिपरवार खाणीचा करार. भांडण झालं, २००२ मध्ये व्यापारी लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, मग कोल इंडिया कलकत्ता हायकोर्टात तो निकाल रद्द करायला, कंपनी दिल्ली हायकोर्टात तो वसूल करायला, मग सुप्रीम कोर्ट, आणि नऊ वर्षं गेली तरी काही नाही. कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया करार काढला. त्यात कोर्ट लवकर चालवायची हमी नव्हती, पण ‘दुसऱ्या कुठल्याही देशाच्या गुंतवणूकदाराला जे देता तेच आम्हालाही द्याल’ असं कलम होतं, आणि आपण कुवेतला हक्क वसूल करण्याची परिणामकारक साधनं देऊ असं लिहून दिलं होतं. झालं. नोव्हेंबर २०११ मध्ये निकाल भारताविरुद्ध, आणि कारण काय तर इथली कोर्टं फार वेळ लावतात. कुवेतला दिलेलं आश्वासन ऑस्ट्रेलियन कंपनीने वापरलं, झारखंडच्या खाणीसाठी. रक्कम फार मोठी नव्हती, सुमारे चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि वर व्याज, पण वर्म सापडलं ना.

मला या निकालाचा राग येत नाही, खरं सांगायचं तर हेवा वाटतो. नऊ वर्षं कोर्टात अडकणं हा अन्याय आहे हे अगदी बरोबर आहे. फक्त तो अन्याय आहे हे म्हणायला आपल्याला परदेशी पासपोर्ट लागतो. त्याच नऊ वर्षांना आपल्या वाढीव मोबदल्याच्या केसमध्ये काय म्हणतात? ‘पुढची तारीख.’

तर मी या करारांच्या विरोधात आहे का? नाही, आणि इथे माझं आमच्या डाव्या मित्रांशी दरवेळी वाजतं. व्होडाफोनचं घ्या. २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसनचा भारतातला मोबाइल धंदा घेतला, त्यावर टॅक्सची मागणी, २०१० मध्ये मुंबई हायकोर्टात सरकार जिंकलं, जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरलं. इथवर ठीक, कोर्टकचेरी आहे, हारजीत होतेच. पण हरल्यावर दोन महिन्यांत बजेटमध्ये कायदाच बदलला, आणि तोही १९६२ पासून लागू. पन्नास वर्षं मागे जाऊन. डाव हरल्यावर नियम बदलायचे याला गल्लीतली पोरंसुद्धा रडीचा डाव म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये व्होडाफोनच्या बाजूने निकाल आला, डिसेंबरमध्ये त्याच कायद्याच्या तडाख्यात सापडलेल्या केर्न या ब्रिटिश तेल कंपनीच्या बाजूने १२० कोटी डॉलरचा, मग केर्नने वसुलीसाठी न्यूयॉर्कच्या कोर्टात तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियावर दावा लावला, २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच कोर्टाकडून टाच आणली, आणि तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये संसदेने तो कायदा मागे घेतला. केर्नला ७,९०० कोटी परत गेले. त्यात देशाच्या सार्वभौमत्वावर घाला वगैरे काही नव्हतं, आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती. असा कायदा मागे घ्यायला लावणारी दुसरी कुठलीही ताकद इथे नव्हती, हे मान्य केलं पाहिजे.

शिवाय नाण्याची दुसरी बाजू आहे, जी आपण विसरतो. फ्लेमिंगो ही भारतीय कंपनी, वॉर्साच्या विमानतळावर तिची ड्यूटी फ्री दुकानं होती, ती बंद पाडली गेली, तिने भारत-पोलंड करारावर दावा लावला आणि २०१६ मध्ये पोलंडविरुद्ध जिंकली, पावणेदोन कोटी युरोच्या वर. आपल्या कंपन्या आता बाहेर पैसा लावतायत, आफ्रिकेत लावतायत, युरोपात लावतायत, त्यांना हे छत्र नको का? हवंय की.

पण ‘करार केला की गुंतवणूक येते’ हे जे ठोकून दिलं जातं ना, ते अभ्यासात काही तितकंसं टिकत नाही. अभ्यासकांचे निष्कर्ष इकडे-तिकडे आहेत, कुणाला थोडा संबंध दिसतो, कुणाला काहीच नाही. ब्राझीलने १९९० च्या दशकात चौदा करारांवर सह्या केल्या आणि एकही मंजूर केला नाही, तरी तिथे परदेशी पैसा यायचा थांबला नाही. आपल्याकडे अमेरिकेचा किती पैसा आहे बघा, करार नसताना. कंपनी बाजार बघून येते, बंदर बघून येते, वीज-पाणी बघून येते, करार तिचा वकील नंतर बघतो. किंवा मॉरिशसवरून वळसा घालून येते.

व्हाइटच्या निकालानंतर एकामागून एक दावे यायला लागल्यावर आपण मग दुसऱ्या टोकाला गेलो. २०१६ चा नवा नमुना करार, म्हणजे पुढचे करार ज्याच्यावरून करायचे तो मसुदा, आला आणि ५८ देशांना जुने करार संपवायच्या नोटिसा गेल्या. (संपवले म्हणजे संपले असं नाही, आधीच्या गुंतवणुकीला पुढची दहा-पंधरा वर्षं तेच छत्र राहतं, ही बारीक अक्षरातली गोष्ट.) नव्या नमुन्यात ती सुप्रसिद्ध ‘फेअर अँड इक्विटेबल ट्रीटमेंट’ काढून टाकली. तिचं मराठी करायला मी एकदा पोरांना बसवलं होतं, ‘न्याय्य आणि समन्यायी वागणूक’ पर्यंत आलो आणि सगळे हसायला लागले, कारण मराठीत म्हटल्यावर लक्षात येतं की याचा काहीही अर्थ होऊ शकतो, आणि लवादांनी तसा केलाही. इंग्रजीत तेच वाक्य भारदस्त वाटतं म्हणून कुणी विचारत नाही. मराठीत हा विषय शिकायचा एवढा तरी फायदा आहे. तर ती गेली, कुवेतवाली पळवाट बुजवली, टॅक्स बाहेर काढला, लवादात जायच्या आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात घासा असं टाकलं. एक गोष्ट फार कुणी बोलत नाही ती म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्णयांना कराराच्या बाहेर ठेवलं. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी काही केलं तर त्यावर लवाद नाही. राज्य सरकार मात्र आतच.

नमुना चांगला होता का? निम्मा. स्थानिक संस्था आणि टॅक्स बाहेर हे मला पटतं, पाच वर्षांची अट मला चिडून लिहिल्यासारखी वाटते, आणि झालंही तसंच, सही करायला कुणी फारसं येईना. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएईबरोबर करार झाला त्यात पाचची तीन वर्षं झाली आणि शेअर-रोख्यांतली गुंतवणूकही आत आली. ३१ ऑगस्ट २०२४ पासून तो लागू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलबरोबर सही झाली. २०२५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी नमुनाच गुंतवणूकदारांना सोयीचा होईल असा बदलू म्हणून सांगितलं.

आणि यूएई म्हटलं की कोकणाने कान टवकारायला हवे होते. नाणारच्या रिफायनरीत सौदी अरामकोच्या जोडीला अबुधाबीची सरकारी तेल कंपनी अ‍ॅडनॉक होती, २०१८ मध्ये कागद झाले, २०१९ च्या निवडणुकीआधी ‘नाणार रद्द’ झालं, मग बारसू, मग २०२३ चं आंदोलन, पुढे काय ते कुणालाच नीट माहीत नाही. मी रिफायनरी हवी की नको यात आत्ता पडत नाही. पण समजा पैसा खरोखर जमिनीत उतरला असता, टाक्या उभ्या राहिल्या असत्या, आणि मग लोकांच्या रेट्यापुढे सरकारने माघार घेतली असती, तर? तर दाभोळचाच सिनेमा नव्या नटांसह. जनतेने आंदोलन करून सरकारला वाकवणं ही आपल्याकडे लोकशाही आहे, तिकडे ती सरकारची एक ‘मेझर’ (सरकारने उचललेलं पाऊल) आहे आणि तिचं बिल निघतं. बिल निघूच नये असं माझं म्हणणं नाही. ते किती निघू शकतं हे प्रकल्पावर सही करताना मुख्यमंत्र्यांना, आणि आंदोलन करताना आंदोलकांनाही, माहीत असावं एवढंच.

सध्या दावोसला दर जानेवारीत लाखो कोटींच्या एमओयूंचे फोटो येतात. एमओयूवर लवाद लागत नाही, २०१६ च्या नमुन्यात तर कामकाज सुरू होण्याआधीचा खर्चही गुंतवणूक धरत नाहीत. पण नमुना बदलतोय. ही व्याख्या राहणार की जाणार? स्थानिक संस्थांची सूट राहणार की जाणार? याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे, आणि यावर विधानसभेत एकही प्रश्न नाही, पेपरात एक अग्रलेख नाही. राज्यघटनेने करार करायचा अधिकार केंद्राला दिलाय, तो काढून घ्या असं कुणी म्हणत नाहीये. मसुदा सहीच्या आधी संसदेच्या समितीपुढे आणि राज्यांच्या विधानमंडळांपुढे ठेवा, मराठीत ठेवा, तीन महिने ठेवा. मंत्रालयात चार माणसांचा एक कक्ष असा काढा ज्याचं काम एवढंच की परदेशी कंपनीबरोबरचा कुठलाही करार, पीपीए (वीज खरेदी करार), सवलतपत्र सहीला जायच्या आधी ती कंपनी कागदावर कुठल्या देशाची आहे आणि त्या देशाशी आपला कोणता करार चालू आहे हे बघायचं. १९९८ मध्ये दोन ओळींची टिपणी दिल्लीला गेली असती तरी निदान प्रश्न तरी निघाला असता.

कुणी म्हणेल हे फार क्लिष्ट आहे, लोकांना काय कळणार. अहो, कोकणातला माणूस सातबारा, फेरफार, कुळकायदा, पोटहिस्सा हे सगळं वकिलापेक्षा बरं वाचतो. त्याला ‘इनडायरेक्ट एक्सप्रोप्रिएशन’ कळणार नाही असं मला अजिबात वाटत नाही, त्याच्यापर्यंत कुणी नेलंच नाही.

गेल्या सेमिस्टरला मी यूएई करार आणि २०१६ चा नमुना असे दोन्ही कागद वर्गात वाटले आणि म्हटलं, महाराष्ट्राच्या नजरेने वाचून या. बहुतेकांनी नेहमीसारखं नेटवरून उचलून आणलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, गावाकडे त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, तो उभा राहिला आणि म्हणाला, सर, ग्रामपंचायत बाहेर, राज्य सरकार आत, हे कळलं. पण मग एमआयडीसी कुठे? मी म्हटलं राज्याचं महामंडळ आहे ते, माझ्या मते आत. तो म्हणाला, तुमच्या मते नको, कलम दाखवा. आम्ही दोघं तास संपल्यावरही व्याख्यांच्या पानावर बोट ठेवून बसलो होतो, शिपाई पंखे बंद करायला आला तेव्हा उठलो.